जाण्याचं भाडं सगळे बघतात, परतीचं कोण बघतं?

प्रश्न थोडक्यात असा आलाय. मुलगा २७ वर्षांचा, दिंडोरी तालुक्यातलं गाव, डिप्लोमा करून मग बीई मेकॅनिकल, नाशिकमधल्या अंबडच्या एका कंपनीत क्वालिटीला ४ वर्षं ४ महिने झालेत, हातात २४ हजार पडतात. दोन आठवड्यांपूर्वी पुण्याजवळच्या चाकणहून ३८ हजारांची ऑफर आली. वडिलांची चार एकर द्राक्षबाग आहे आणि ते म्हणतात आता तू बघ, माझ्याच्यानं होत नाही. जवळचा मित्र म्हणतो एमपीएससीची राज्यसेवा दे, वय आहे अजून. त्यात घरात लग्नाचा विषय निघालाय आणि स्थळवाले पहिला प्रश्न विचारतात, मुलगा पुण्याला आहे का. शेवटी लिहिलंय, "ताई, आठ महिने झाले नुसता विचार करतोय, निर्णयच घेता येत नाही, माझ्यातच काही कमी आहे का? आणि यातलं बरोबर कोणतं ते सांगा."

अरे, तुझ्यात कमी काही नाहीये. तीन रस्ते समोर आहेत आणि तिन्हीकडे उभा असलेला माणूस आपलाच आहे, अशा वेळी कोणाचेही पाय अडखळतात. बरोबर कोणतं ते मात्र मी सांगणार नाही. टाळत नाहीये, खरंच इथे बसून ते कोणाला कळू शकत नाही. २००३ पासून नाशिकच्या कॉलेज रोडला बसून लोकांना नोकरी-करिअरचा सल्ला द्यायचं काम करतेय, आधी सातपूरला एका कंपनीत पर्सोनेलमध्ये होते, त्यामुळे नोकरी देणाऱ्यांची बाजूही पाहिलीये. इतक्या वर्षांत एक गोष्ट कळली की माणसं "बरोबर कोणतं" यात अडकतात आणि "चुकलं तर परत यायला किती लागेल" हे कोणी विचारतच नाही. सीबीएसच्या एसटी स्टँडवर उभं राहून जाण्याचं भाडं सगळे विचारतात, परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे ते विचारणारा दहात एक. मी फक्त परतीचं भाडं काढायला लावते, पैशाचं, वर्षांचं आणि माणसांचं, तिन्ही.

आधी पैशाचं उरकते कारण ते सोपं आहे आणि त्यात तू फसलायस. तू लिहिलंस "१४ हजार जास्त मिळतायत." कुठे मिळतायत? आत्ता तू घरून जातोस, म्हणजे रोज जाऊन येऊन साठ-सत्तर किलोमीटर, महिन्याचं पेट्रोल साडेतीन हजार धर, राहिले साडेवीस. चाकणला शेअरिंगची रूम सहा हजार, मेस चार हजार, तिथलं पेट्रोल-चहा-नाष्टा अडीच हजार, आणि दर पंधरा दिवसांनी तू घरी येणार म्हणजे येणारच, शिवाय येताना हात हलवत येणार नाहीस, त्याचे अडीच हजार. झाले पंधरा. राहिले तेवीस. म्हणजे १४ हजारांचा फरक अडीच हजारांवर आला. हे माझे अंदाज आहेत, तू तुझे आकडे घाल, मित्र असेल ना कोणी तिकडे, त्याला विचार. पण आकडा बदलला तरी चौदा काही होत नाही. मग चाकणला जायचंच नाही का? जा की, पण पगारासाठी जातोय असं स्वतःला सांगू नकोस. तिथे जे शिकायला मिळेल ते इथे मिळत नसेल, मोठ्या गाड्यांच्या कंपन्यांचे ऑडिट, कस्टमरसमोर उभं राहणं, तर त्यासाठी जा. ऑफर लेटरवर नुसतं 'क्वालिटी इंजिनिअर' लिहिलंय, त्यावरून काही कळत नाही. इंटरव्ह्यू घेणाऱ्याला सरळ फोन कर आणि विचार, पहिले सहा महिने मी रोज काय करणार. इनकमिंग इन्स्पेक्शनला, म्हणजे आलेला माल तपासायला, व्हर्नियर घेऊन उभं करणार असतील तर ते तू अंबडला करतोयसच.

अजून एक, ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी देते ती एकरकमी रक्कम. पाच वर्षं सलग झाली की मिळते, तुझे आठ महिने बाकी. बेसिक १५ हजार धरला तर १५ हजार गुणिले १५ भागिले २६ गुणिले ५, म्हणजे त्रेचाळीस हजारांच्या आसपास. आता गंमत बघ, चाकणला महिन्याला अडीच हजार जास्त उरणार म्हणजे आठ महिन्यांत वीस हजार, आणि इथे आठ महिने थांबलास तर त्रेचाळीस. ऑफर आठ महिने थांबणार नाही हे मलाही कळतं, आणि त्रेचाळीस हजारांसाठी आयुष्याची दिशा ठरवू नये हेही कळतं. पण निदान काय सोडून चाललोय ते माहीत असू दे. आणि गेलास तर पीएफ ट्रान्सफर कर, काढू नकोस. पाच वर्षांच्या आत काढला तर टॅक्स लागतो, आणि पेन्शनला दहा वर्षं मोजली जातात ती तुटतात. बाइकच्या डाउनपेमेंटसाठी पीएफ काढलेली पोरं मी इतकी बघितलीत की आता त्यावर बोलायचा कंटाळा येतो.

आता मुख्य गोष्ट. तुझे तिन्ही पर्याय तू एका रांगेत मांडलेस, चाकण, बाग, राज्यसेवा, जसं काही हॉटेलचं मेन्यूकार्ड. पण या तिघांचं परतीचं भाडं एकसारखं नाहीये, आणि काळाबरोबर ते वेगवेगळं बदलतं. हे नीट वाच, बाकीचं विसरलास तरी चालेल.

चाकणचं परतीचं भाडं कमी आहे आणि कमीच राहतं. नाशिक-पुणे हायवेवरच तर आहे ते, पुण्याच्याही अलीकडे, सकाळी निघालास तर दुपारच्या जेवणाला घरी. दोन वर्षांनी परत यावंसं वाटलं तर अंबड-सातपूर-सिन्नर कुठेही चाकणचा अनुभव चालतो, उलट थोडा भाव वाढतो. अडचण एकच की तिकडे हप्ते सुरू झाले की भाडं वाढायला लागतं. फ्लॅट बुक केला, बायकोची नोकरी तिकडे लागली, पोरगं शाळेत गेलं, की मग तू परत येत नाहीस. वाईट आहे असं नाही म्हणत, फक्त ते भाडं ऑफर लेटरमुळे वाढलं नाही, फ्लॅटमुळे वाढलं, हे लोकांच्या लक्षात येत नाही.

राज्यसेवेचं उलटं आहे. सुरुवातीला परतीचं भाडं जवळजवळ शून्य असतं आणि दरवर्षी वाढत जातं, रिक्षाच्या मीटरसारखं, आणि मीटर आत बसलेल्याला दिसत नाही. पहिल्या वर्षानंतर परत आलास तर कंपनीवाला विचारतो "गॅप का?" तू म्हणतोस एमपीएससीचा अभ्यास केला, तो म्हणतो बरं. मी त्या खुर्चीवर बसलेय म्हणून सांगते, एक वर्ष कोणी धरत नाही. तिसऱ्या वर्षी तो फाइल बाजूला ठेवतो, आणि पाचव्या वर्षी तुझ्या बरोबरचे सुपरवायझर झालेले असतात आणि तू फ्रेशरच्या पगारावरही नकोसा असतोस. वयाचं म्हणशील तर मित्राचं बरोबर आहे, खुल्या गटाला ३८ पर्यंत मर्यादा आहे, मागासवर्गीयांना ४३. पण ही मर्यादाच घात करते रे! ३८ दिसतंय म्हणून माणूस उठत नाही. माझ्याकडे एक मुलगा आला होता, सहा वर्षं अभ्यास, दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत गेलेला, हुशार. त्याला विचारलं, आज पहिल्यांदा कोणी तुला सांगितलं की ही परीक्षा दे, तर देशील का? म्हणाला नाही मॅडम. मग अजून का देतोयस? तर म्हणाला, सहा वर्षं वाया जातील ना. आता सहा वर्षं तर गेलीच होती, सातवं घातल्यानं ती परत येणार होती थोडीच. ह्याला अर्थशास्त्रात बुडीत खर्च म्हणतात, पण नाव माहीत असून सुटका होत नाही, तो स्वतः पेपरसाठी अर्थशास्त्र शिकलेला होता आणि व्याख्या त्याला तोंडपाठ होती!

म्हणून राज्यसेवा करायचीच तर मीटर आधी बांधून घे. किती प्रयत्न, कोणत्या तारखेपर्यंत, आणि त्या दिवशी काय करणार, हे आत्ता कागदावर, वडिलांच्या सहीनं. हसू नकोस, सही महत्त्वाची आहे, कारण तीन वर्षांनी तुझं मन वकिलासारखं बोलायला लागेल.

बागेचं अजून वेगळं. इथे मी जपून बोलते कारण शेती मी केलेली नाही, माहेर निफाडचं म्हणून बघितलीये. तू "बाग घ्यायची का" असं विचारतोस पण त्यात दोन वेगळे प्रश्न आहेत. आहे ती बाग वडिलांबरोबर एक वर्ष बघणं, याचं परतीचं भाडं काहीच नाही. पण जुनी बाग तोडून नवीन लावायची, खुंट लावा, कलम करा, मांडव-तारा-ठिबक सगळं नवीन, पहिला माल यायलाच दीड-दोन वर्षं आणि मग दहा-बारा वर्षं त्याच्याशी बांधलेला, ते एकदम जड भाडं आहे. एकदा पैसे मातीत गेले की परतीची गाडीच नाही. आपल्याकडे पोरगा शेतीत आला की पहिल्याच वर्षी उत्साहानं नवीन व्हरायटी लावतो, कर्ज काढून, आणि मग अवकाळी पाऊस किंवा पैसे न देता पळालेला व्यापारी त्याला शिकवतो ते आधी एका हंगामात शिकता आलं असतं. म्हणजे बाग हा पर्याय आहे, पण आधी वर्षभर फक्त बघायची, हिशोब लिहायचा, एक झाड नवीन लावायचं नाही.

माझा दुसरा नियम, एसटी की सिंहस्थ. काही संधी एसटीसारख्या असतात, ही गेली तर तासाभरात दुसरी. काही सिंहस्थासारख्या, २००३ ला होता, मग २०१५, आता २०२७, चुकला की बारा वर्षं. लोक करतात काय, एसटीला सिंहस्थ समजून धावतात. आणि विकणारे तर तसंच विकतात, "मॅडम शेवटच्या दोन सीट", "आजच जॉइन करा डिस्काउंट संपतोय", क्लासवाले काय, प्लॉटवाले काय. (सिंहस्थाच्या नावावर नाशिकमध्ये सध्या प्लॉटचे जे भाव सांगतायत त्यावर वेगळं लिहावं लागेल, राहू दे.) तुझी चाकणची ऑफर ही एसटी आहे. चार-पाच वर्षांच्या अनुभवाच्या क्वालिटी इंजिनिअरला अशा ऑफर येत राहतात, ही नाकारलीस तर जग बुडत नाही. राज्यसेवाही अजून काही वर्षं एसटी आहे. तुझ्या पत्रात सिंहस्थ एकच दिसला मला, आणि तो तू अर्ध्या वाक्यात उडवलास, "माझ्याच्यानं होत नाही" हे वडिलांचं वाक्य.

त्यावर थांबते थोडी. तीनेक वर्षांपूर्वी असाच एक मुलगा वडिलांना घेऊन आला होता, साधारण तुमच्यासारखंच, बाग, नोकरी, ओढाताण. मुलगा तासभर बोलला, शेतीचं भविष्य, हवामान, एक्स्पोर्ट. वडील गप्प. शेवटी मी त्यांनाच विचारलं, दादा तुम्हाला नक्की काय पाहिजे? ते म्हणाले, "मला बाग त्याच्या गळ्यात नाही घालायची. थ्री फेज लाइट रात्रीची असते त्या आठवड्यात दोन वाजता मोटर चालू करायला जावं लागतं, बिबट्या फिरतो, आता डोळ्यांना दिसत नाही. रात्री कोणीतरी पाहिजे." बस. मुलगा सहा महिने झोपला नव्हता आणि बापाला पाहिजे होता रात्रपाळीचा एक माणूस. मग त्यांनी गडी ठेवला, मोटरला मोबाइलवरून चालू होणारा स्टार्टर बसवला, मुलगा नोकरीतच राहिला आणि छाटणीच्या आणि काढणीच्या वेळी रजा टाकून येतो. तुझ्या वडिलांचं हेच असेल असं नाही. कदाचित त्यांना खरंच तू हवा असशील. कदाचित तब्येतीचं काही असेल आणि ते तुला सांगत नसतील. पण तू आठ महिने ज्या प्रश्नाचं उत्तर शोधतोयस तो प्रश्न त्यांनी विचारलाय की तू त्यांच्या तोंडी घातलायस, हे आधी बघायला हवं. आपल्याकडे बाप सरळ बोलत नाही, आणि पोरगं सरळ विचारत नाही, मग दोघं मिळून आईला निरोप्या करतात.

आता निर्णय "येत नाही" त्याबद्दल. माझ्या अनुभवात न येणारे निर्णय दोन प्रकारचे. एकात माहिती कमी असते. दुसऱ्यात माहिती पुरेशी असते, निर्णयही आतून झालेला असतो, पण तो सांगितला तर कोण रुसेल याची भीती असते. ओळखायचं कसं? एक कागद घे आणि प्रत्येक पर्यायासमोर फायदे-तोटे लिहू नकोस, कोण रुसेल त्याचं नाव लिही. चाकण: वडील. बाग: होणारे सासरे, जे अजून भेटलेही नाहीत. राज्यसेवा नाही: मित्र. नावं वाचल्यावर पोट कुठे आवळतं ते बघ.

फायदे-तोट्यांचा कागद वाईट आहे असं नाही. बेंजामिन फ्रँकलिननं १७७२ साली जोसेफ प्रिस्टली या शास्त्रज्ञाला पत्रात हीच पद्धत कळवली होती, कागदाचे दोन भाग करा, एकीकडे बाजूनं, एकीकडे विरुद्ध. पण लोक विसरतात ते हे की त्यानं तीन-चार दिवस घ्यायला सांगितले होते, जसजसं सुचेल तसं लिहायचं, आणि मग दोन्ही बाजूंची सारख्या वजनाची कारणं एकमेकांना काट मारून खोडत जायची. आपण काय करतो, रात्री अकराला बसतो, दहा मिनिटांत वीस मुद्दे लिहितो आणि मोजतो, इकडे अकरा तिकडे नऊ. मुद्दे काय निवडणुकीतली मतं आहेत मोजायला? "आईच्या हातचं जेवण" आणि "करिअर ग्रोथ" यांचं वजन सारखं कसं? कधीकधी पहिल्याचंच जास्त असतं, ते कबूल करायला लाज वाटते एवढंच.

आणि सगळं करूनही काटा मध्येच राहिला तर नाणं उडव. मस्करी नाही. स्टीव्हन लेव्हिट नावाचे अर्थशास्त्रज्ञ आहेत, शिकागो विद्यापीठात होते तेव्हा त्यांनी अडलेल्या लोकांसाठी एक वेबसाइट काढली होती, नोकरी सोडू का, नातं तोडू का असे प्रश्न घेऊन यायचं आणि कॉम्प्युटर नाणं उडवून सांगायचा. वीस हजारांहून जास्त वेळा नाणं उडवलं गेलं, मग सहा महिन्यांनी त्या लोकांना विचारलं. ज्यांना नाण्यानं "बदल कर" सांगितलं त्यांच्यात बदल करणारे जास्त निघाले, आणि मोठ्या निर्णयात ज्यांनी बदल केला ते सहा महिन्यांनी जास्त खूश होते. २०२१ ला तो पेपर छापून आला. आता यावरून "सगळ्यांनी नोकऱ्या सोडा" असा अर्थ काढू नये, जे तिथे आले तेच मुळात काठावर बसलेले होते, आणि आपल्याकडे नोकरी सोडली तर तिकडच्यासारखा बेकारभत्ता मिळत नाही. पण काठावर इतके दिवस बसलेला माणूस बहुतेक वेळा बदलाला घाबरून बसलेला असतो, हे मला माझ्या खुर्चीतूनही दिसतं.

माझी आजी कोकणातली, ती देवीला कौल लावायची. मूर्तीला फुलं लावायची आणि उजवं फूल पडलं की हो. लहानपणी मी विचारलं होतं, डावं पडलं तर? म्हणाली, "परत लावायचा." तेव्हा मी हसले होते. आता वाटतं तिला चांगलं माहीत होतं, डावं फूल पडल्यावर जे वाईट वाटतं त्यातच उत्तर असतं. नाणं उडवलंस आणि चाकण आलं आणि तुला वाटलं "बेस्ट ऑफ थ्री करू," तर मग कळलं ना काय ते!

ट्रायल घेण्याबद्दल. दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकचे, जन्म १८७०. फोटोग्राफी केली, पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, छापखाना काढला, भागीदारांशी पटलं नाही म्हणून सोडला. चाळिशीत सिनेमाचं वेड लागलं. १९१२ ला विमा पॉलिसी गहाण ठेवून लंडनला गेले, तिकडून कॅमेरा आणला. इथपर्यंत सगळे सांगतात, आणि पोरं म्हणतात बघा मॅडम रिस्क घेतली पाहिजे. पण पुढचं कोणी सांगत नाही. आल्या आल्या त्यांनी सिनेमा काढला नाही. कुंडीत वाटाणा पेरला आणि तो उगवताना रोज थोडं थोडं चित्रण केलं, एक छोटीशी फिल्म, आणि ती दाखवून पैसे देणारे मिळवले. पहिला सिनेमा त्यानंतर, १९१३ ला, वयाच्या ४३ व्या वर्षी. मला त्यांच्या धाडसापेक्षा तो वाटाणा जास्त आवडतो. (आणि शेवटही विसरू नये, १९४४ ला इथे नाशिकमध्येच ते गेले तेव्हा हाताशी फारसं काही उरलं नव्हतं. पांडवलेण्याच्या पायथ्याशी स्मारक आहे, पोरं तिथे सेल्फी काढतात.)

तर तुझा वाटाणा काय? चाकणचा वाटाणा: एक शनिवार-रविवार तिकडे मित्राच्या रूमवर राहून ये, सेकंड शिफ्ट सुटल्यावर रात्री बारा वाजता पोरं काय जेवतात ते बघ. राज्यसेवेचा वाटाणा: २०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झालीये, गोल काळे करायचे दिवस गेले, हातानं पानंच्या पानं लिहायची. तू कॉलेज सुटल्यापासून सलग चार पानं मराठीत शेवटची कधी लिहिलीस? पुढचे सहा आठवडे नोकरी न सोडता पहाटे साडेचार ते साडेसहा बस, आणि दर रविवारी एक पेपर घड्याळ लावून लिही. सहा आठवड्यांत सहा पेपर. तीन लिहून झाले नाहीत तर विषय संपला, मित्राला चहा पाज आणि मोकळा हो. सहाच्या सहा झाले आणि सातव्याची ओढ वाटली तर त्याचा विचार करू. बागेचा वाटाणा: चार एकरांतलं एक एकर तुझं. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीपासून माल जाईपर्यंत त्या एकराचा प्रत्येक रुपया तू लिहायचा, फवारणी कधी हे तू ठरवायचं, डाऊनी रोग आला तर रात्री फोन तुला.

छाटणीवरून आठवलं. तुला मी सांगायला नको, एप्रिलच्या खरड छाटणीनंतर जी काडी तयार होते, तिच्या डोळ्यात पुढच्या हंगामाचा घड तेव्हाच ठरतो, दीड-दोन महिन्यांत. त्या दिवसांत ऊन मिळालं नाही तर ऑक्टोबरला कितीही औषधं मारा, घड जिरतात. तू आठ महिने "मी अजून काहीच ठरवलेलं नाही" म्हणतोयस ना, त्या आठ महिन्यांतही काडी तयार होतच होती. अंबडमध्ये तुझं लक्ष उडालं असणार, नवीन मशीन शिकायला कोणी नाव विचारलं तर तू म्हणाला असशील, जाऊ दे मी तर जाणारच आहे. हे मी अंदाजानं लिहितेय, पण चुकीचं असेल तर कळव.

माझ्या स्वतःच्या बाबतीत सांगायचं तर दोन्ही अनुभव आहेत. २००३ ला नोकरी सोडली तेव्हा सगळे म्हणाले धाडसी आहेस. धाडस काही नव्हतं, साहेबांना आधी विचारून ठेवलं होतं की नाही जमलं तर परत घ्याल का, ते म्हणाले वर्षभरात आलीस तर बघू, आणि घरात नवऱ्याशी ठरवलं होतं दीड वर्ष, त्याच्यावर एक महिना नाही. चौदाव्या महिन्यात जरा बरे दिवस आले. आणि २०११ ला काय केलं, लोकांना शहाणपण सांगणाऱ्या मी, एका कॉम्प्लेक्समध्ये कर्ज काढून ऑफिस बुक केलं, करारपत्रात पझेशन लांबलं तर काय हे वाचलंसुद्धा नाही. नाव घेत नाही, पझेशन चार वर्षं उशिरा मिळालं, हप्ताही भरला आणि भाडंही भरलं. जाण्याचं भाडं बघितलं होतं, परतीचं नाही. तेव्हापासून ते भाडं लोकांना आधी काढायला लावते, त्याआधी मीही "तुझं पॅशन काय" वगैरेच विचारायची. तो प्रश्न आता विचारत नाही, सत्तावीस वर्षांच्या पोराला त्याचं उत्तर यावं अशी अपेक्षाच मला क्रूर वाटते.

एकदा माझाही सल्ला चुकला. एका मुलीला नर्सिंग करायचं होतं, घरचे नको म्हणत होते, आणि मी मधला मार्ग म्हणून तिला लॅब टेक्निशियनकडे वळवलं, सगळे खूश. काही वर्षांनी भेटली, नोकरी छान चाललीये म्हणाली, आणि निघताना सहज म्हणाली, मॅडम मी एकदा करून तरी बघायला हवं होतं. गिलोविच आणि मेडवेक या मानसशास्त्रज्ञांनी नव्वदच्या दशकात हेच मांडलं होतं, की लगेचचा पश्चात्ताप केलेल्या गोष्टींचा जास्त असतो पण लांबचा, वर्षानुवर्षांचा, न केलेल्या गोष्टींचा. मी हे आधी वाचलेलं होतं. तरी मधला मार्ग सुचवला, कारण समोर बसलेल्या चार माणसांपैकी तीन खूश होत होती.

लग्नाचं. स्थळवाले पुणे विचारतात ते मला माहितीये, शेतकरी नवरा नको म्हणतात तेही माहितीये, त्यांच्या मुलीनं आईला शेतात राबताना बघितलेलं असतं, त्यांचंही काही चूक नाही. पण मुलीकडच्यांना दाखवण्यापुरतं चाकण घेऊ नकोस. मनात बाग असलेला आणि पत्त्यावर पुणे असलेला मुलगा हे दोघांनाही महाग पडतं. बघायला जाशील तेव्हा मुलीला एकटीला दहा मिनिटं सांग की दोन-तीन वर्षांनी मी गावी यायचं म्हणू शकतो. नाही म्हणाली तर बरंच झालं, आत्ता कळलं. हो म्हणाली तर तिचंही मत लागेल पुढे, तुझ्या एकट्याचा निर्णय राहणार नाही तो.

आता तुझं काम. ऑफर लेटरवर जॉइनिंगची शेवटची तारीख काय आहे ते तू लिहिलं नाहीस, आज बघ. तुझा नोटीस पीरियड किती ते बघ, महिना असेल तर गणित वेगळं, तीन महिने असेल तर वेगळं. एचआरला मेल टाकून दहा दिवस जास्त माग, देतात, मी त्या बाजूला बसलेय, उमेदवारानं दहा दिवस मागितले म्हणून कोणी ऑफर काढून घेत नाही, आणि काढून घेतलीच तर तिथले साहेब कसे असतील ते फुकटात कळलं. त्या दहा दिवसांत चाकणचा शनिवार-रविवार उरकून घे.

आणि त्याच्याही आधी वडिलांशी बोल. घरात बोलू नकोस, घरात आई मध्ये पडते आणि टीव्ही चालू असतो. संध्याकाळी पाणी द्यायला जातील तेव्हा बरोबर जा, बांधावर बस, आणि "मी काय करू" असं विचारू नकोस, ते "तुझं तू बघ" म्हणतील. विचार, "दादा, तुम्हाला सगळ्यात जास्त कशाचा त्रास होतो यातला?" आणि मग गप्प राहा, पाच मिनिटं गेली तरी. काय म्हणाले ते मला कळव, त्यावर बाकीचं ठरेल.